वाचकांचे प्रश्न : न्यूजलेटरला वर्गणी लावताना

कुळागरावरचं (पोफळी-माडांच्या बागायतीवरचं) माझं ईमेलचं पत्र वर्गणीवर कसं चालतं, हे गेल्या अंकात लिहिलं होतं. त्यावर गोवाभरातून, पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या वाचकांची पत्रं आली. फुकट वाचणारे आहेत, पण पैसे देणारे कुठून आणायचे, हा बहुतेकांचा प्रश्न. माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा : यंदा ज्याने पैसे दिले, तो पुढच्या वर्षी पुन्हा देईल का? खालची सगळी उत्तरं मी हा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिली आहेत.

ताई, मी शाळेत शिकवते आणि नाटकाची आवड म्हणून दर पंधरवड्याला गोव्यातल्या मराठी रंगभूमीवर ईमेलने लिहिते. सहाशेच्या आसपास लोक वाचतात, छान म्हणतात. वर्गणी लावली तर देतील का? आणि पैसे घेऊन वेगळं काय द्यायचं?
*एक शिक्षिका, डिचोली*

तुम्ही सोबत जोडलेले तीन अंक मन लावून वाचले. लिहिता छान. पण तिन्ही अंक झालेल्या प्रयोगांबद्दल आहेत : कोणी चांगलं केलं, प्रकाशयोजना कुठे फसली. प्रयोग पाहिलेल्याला ते वाचायला आवडतं. मात्र त्यासाठी तो खिशात हात घालेल असं मला वाटत नाही, कारण ते वाचून त्याचं कुठलंच काम सोपं होत नाही.

आता तुमच्याच तालुक्यातला विचार करा. जत्रा, काला, वर्धापनदिन, चतुर्थी... देवळाच्या मांडवात नाटक बसवणारी मंडळं गावोगाव आहेत. त्यांच्यासमोर दरवर्षी एकच प्रश्न असतो : यंदा कुठलं नाटक? नऊ पुरुष आहेत, काम करायला तयार अशा बायका दोनच, संगीताची बाजू सांभाळणारा एकच, आणि पडदा पहाटेच्या आत पडायला हवा. अशा वेळी कोणीतरी कोणाच्या तरी मामाला फोन करतो, कोणीतरी ग्रंथालयात जाऊन जीर्ण संहिता चाळतो.

तुम्ही दर अंकात एकच नाटक घ्या. पात्रं किती, त्यात स्त्रीपात्रं किती, एकाच नटाला दोन भूमिका करता येतील का, अंक किती, वेळ किती, नेपथ्य एकदा लावलं की पुरतं की बदलावं लागतं, उघड्या मंचावर जमेल का, संहिता कुठल्या ग्रंथालयात मिळेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, परवानगी कोणाकडून घ्यायची. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. म्हणजे जुनं नाटक खुलं आहे की वारसांना पत्र लिहावं लागेल, हे तुम्ही सांगितलंत तर मंडळाचे कितीतरी फोन वाचतील. हे सगळं तुम्हाला आत्ताच ठाऊक आहे, फक्त ते लिहिण्याजोगं आहे असं तुम्हाला वाटलं नव्हतं.

तुमचं परीक्षण फुकटच राहू दे. ते वाचूनच नवे लोक तुमच्याकडे येतील. नाटक निवडीचा अंक वर्गणीदारांसाठी ठेवा. तालमी सुरू होण्याच्या दोनेक महिने आधी तो पोचला पाहिजे, नंतर आला तर कितीही चांगला असो, उपयोग नाही.

वेळेचं महत्त्व मला माझ्या पत्रातून कळतं. पोफळीच्या कोळेरोगावरचा (पावसात सुपारी कुजवणाऱ्या बुरशीच्या रोगावरचा) अंक मी पावसाआधी, मे महिन्यात पाठवते. त्यावरची फवारणी म्हणजे एक टक्का बोर्डो मिश्रण : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं विरघळवायचं, मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं, भांडं लोखंडाचं नको. मग लखलखीत विळा त्यात बुडवून पाहायचा, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. फवारणी त्याच दिवशी उरकायची. यातलं काहीच गुपित नाही, जुने गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेत विचारलंत तरी सांगतील. पण फवारणीसाठी माणूस ठरवायच्या आठवड्यातच ते हातात पडतं, म्हणून लोक वर्गणी देतात. ज्याचं एक झाड जरी त्या अंकामुळे वाचलं, त्याला पुढच्या वर्षी आठवण करावी लागत नाही.

देतील का, या प्रश्नाचं खरं उत्तर आधी अंदाजाने मिळणार नाही. सहाशेंपैकी ज्यांनी तुम्हाला कधी ना कधी उलट उत्तर लिहिलंय, त्यांना एकेकट्याने लिहा. अंकाचा नमुना जोडा, किंमत सांगा, पैसे आत्ताच मागा. ‘चालू केलंत की नक्की घेऊ’ म्हणणाऱ्यांना हिशेबात धरू नका. त्यातल्या पंचवीस जणांनी पैसे भरले तर चालू करा.

मावशी, मी मडगावचा. गोव्यातल्या सरकारी नोकरभरतीच्या जाहिराती, अभ्यासक्रम आणि कागदपत्रं यांवर आठवड्याला पत्र काढतो. महिन्याला ६० रुपये ठेवू की वर्षाला ६००? सबस्टॅकवर ठेवू की दुसरीकडे? किती पैसे सुटतील?
*एक पदवीधर, मडगाव*

वर्षाचे ठेव. मराठी मासिकं इतकी वर्षं वार्षिक वर्गणीवर चालली. पूर्वी मनीऑर्डर यायची, पत्त्याची चिठ्ठी चिकटायची आणि वर्षभर अंक जायचा. ती पद्धत आजही आपल्या वाचकाच्या अंगवळणी आहे. दरमहा आपोआप कापून घेण्याच्या पद्धतीला आपल्याकडे एक अडचणही आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार (१ ऑक्टोबर २०२१पासून ते कडकपणे लागू आहेत) कार्डावरून आपोआप पैसे कापायचे तर आधी ओटीपीने मंजुरी लागते आणि प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते. १५,००० रुपयांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, पण सूचना जातेच. ग्राहकाच्या बाजूने नियम चांगलाच आहे. तुझ्या बाजूने त्याचा अर्थ असा, की साठ रुपयांसाठी वर्षातून बारा वेळा ‘हे चालू ठेवायचं का?’ हा विचार त्याच्या मनात येणार. वार्षिक वर्गणीत तो विचार एकदाच येतो, आणि त्या एका वेळेची तयारी तू वर्षभर करू शकतोस.

सबस्टॅकबद्दल. ईमेलची पत्रं पाठवायची ही सेवा लिहायला, पाठवायला सोपी आहे, फुकट पत्रासाठी जरूर वापर. वर्गणी घेतलीस तर ते दहा टक्के ठेवतात, वर पैशांच्या व्यवहाराचा खर्च वेगळा. पण तिथे वर्गणी घ्यायला स्ट्राइप या परदेशी पेमेंट-सेवेचं खातं लागतं, आणि स्ट्राइपने २०२४पासून भारतात नवी खाती निमंत्रणावरच ठेवली. घोस्ट ही तशीच दुसरी सेवा वर्गणीत वाटा मागत नाही, पण तिथेही स्ट्राइपच पुढे येतं. त्यामुळे आपल्यासारख्याने पत्र एका ठिकाणाहून पाठवावं आणि पैसे देशातल्या पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या सेवेच्या) लिंकवर घ्यावेत, म्हणजे यूपीआय, कार्ड सगळं चालतं. पैसे आले की त्या माणसाचा ईमेल आपल्या हाताने वर्गणीदारांच्या यादीत घालायचा. दोन-तीनशे लोकांपर्यंत हे काम आठवड्याला अर्ध्या तासाचं आहे, आणि त्यामुळे प्रत्येक नाव तुझ्या नजरेखालून जातं. हा फायदा मला फार मोलाचा वाटतो.

आता हिशेब. २०० वर्गणीदार, प्रत्येकी ६०० रुपये : वर्षाचे १,२०,०००. गेटवेचा दर दोन टक्के धरला आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, तर २,८३२ रुपये गेले. हातात १,१७,१६८. घर चालवायला हे पुरणार नाही, हे आधीच मान्य कर आणि नोकरीचा अभ्यास सोडू नकोस.

खरी गोष्ट पुढच्या वर्षी दिसते. शंभर फुकट वाचकांमागे चार जण वर्गणीदार होतात असं हिशेबापुरतं धरू. दोनशेंपैकी निम्म्यांनीच पुन्हा पैसे भरले, तर आहे तिथेच राहायला तुला शंभर नवे वर्गणीदार, म्हणजे अडीच हजार नवे वाचक गोळा करावे लागतील. दोनशेंपैकी १६० टिकले, तर चाळीस नवे पुरतात, म्हणजे हजार वाचक. हा दीड हजारांचा फरक तुझ्या वर्षभराच्या संध्याकाळी खातो. म्हणून मी म्हणते, नवा वाचक आणायच्या कामाला जेवढा वेळ देतोस, तेवढाच जुन्याला टिकवायला दे.

तुझ्या विषयात एक अवघड जागा आहे, तीही बोलूया. नोकरी लागली की तुझा वाचक जाणार, आणि तो जावा हीच तुझी इच्छा असणार. तेव्हा तुझा टिकाऊ वर्गणीदार उमेदवार नाही. तो आहे शिकवणी वर्ग, गावचं वाचनालय, तालुक्यातली सायबर-सेवा चालवणारा माणूस, ज्याच्याकडे दर आठवड्याला ‘फॉर्म भरून द्या’ म्हणत मुलं येतात. त्यांच्यासाठी दोन हजारांची संस्था-वर्गणी ठेव आणि अंक छापून भिंतीवर लावायची मोकळीक दे. उमेदवारांसाठी वर्षाऐवजी सहा महिन्यांची वर्गणी ठेवलीस तरी चालेल.

आणखी दोन गोष्टी. हे उत्पन्न आहे, विवरणपत्रात दाखवायचं, त्यासाठी वेगळं बँक खातं ठेव. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, तिच्यापासून तू अजून लांब आहेस. पण परदेशातून वर्गणी यायला लागली की एकदा सीएकडे बसून ये. आखातातल्या गोवेकराकडे एनआरई किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयांसाठीचं) बँक खातं असेल, तर संयुक्त अरब अमिराती, ओमान, कतार, सौदी अशा देशांतल्या मोबाइल नंबरवरूनही यूपीआय करता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. वर्गणीच्या पानावर ते लिहून ठेव.

आमच्या हायस्कूलच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत अकराशे ईमेल आहेत. ते सगळे माझ्या पत्राच्या यादीत घातले तर चालतील का?
*एक निवृत्त मुख्याध्यापक, पेडणे*

सर, नको. त्यांनी तो पत्ता शाळेला दिला, तुमच्या पत्राला नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३चा कायदाही संमतीवरच उभा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, न मागितलेलं पत्र आल्यावर लोक ‘स्पॅम’ दाबतात, आणि असं बऱ्याच जणांनी केलं की ज्यांना तुमचं पत्र हवंय त्यांच्याकडेही ते स्पॅममध्ये जाऊ लागतं. माजी विद्यार्थी संघाला विनंती करा, त्यांच्या पुढच्या पत्रात तुमचा एक उतारा आणि नोंदणीची लिंक जाऊ द्या. अकराशेंतून साठ आले तरी ते साठ आपल्या पायांनी आलेले असतील.

ताई, माझं पत्र जीमेलमध्ये अर्ध्यावरच तुटतं, खाली ‘संपूर्ण संदेश पाहा’ असं काहीतरी येतं. शिवाय कितीजणांना ते प्रमोशन्समध्येच, म्हणजे जीमेलच्या जाहिरातींच्या कप्प्यातच मिळतं. इंग्रजीत लिहिणाऱ्या माझ्या मित्राला हा त्रास नाही. मराठीचाच दोष आहे का?
*एक वाचक, काणकोण*

दोष नाही, पण वजन आहे. सुमारे १०२ किलोबाइटच्या पुढचं पत्र जीमेल कापतं. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटमध्ये बसतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. ‘की’ लिहिलंत की सहा बाइट झाले. त्यामुळे तेवढ्याच लांबीचं मराठी पत्र तिप्पट जड होतं. तरी दोन हजार शब्दांचा नुसता मजकूर चाळीस किलोबाइटच्या आसपासच राहतो. बाकीचं ओझं सजावटीचं असतं : रंगीत चौकटी, रकाने, आणि वर्डमधून मजकूर उचलून चिकटवला की त्याबरोबर आलेला अदृश्य कचरा. साधा मजकूर म्हणून चिकटवा, चौकटी काढा, मथळे दोनच आकारांत ठेवा. फोटोंची भीती नको, ते बाहेरून येतात, या मापात धरले जात नाहीत.

पत्र तुटण्यात आणखी एक नुकसान आहे. नाव काढून टाकायची लिंक तळाशी असते, ती दिसेनाशी होते. मग ज्याला पत्र नको आहे, तो हाताशी असलेलं ‘स्पॅम’चं बटण दाबतो.

प्रमोशन्सबद्दल : नव्या वाचकाला जाणाऱ्या पहिल्याच पत्रात त्याला एक सोपा प्रश्न विचारा आणि उत्तर लिहायला सांगा. माझ्या पत्रात ‘तुमच्या परसात पाणी विहिरीचं की नळाचं?’ असा असतो. वाचकाने उत्तर लिहिलं, की तुमचं पुढचं पत्र त्याचं जीमेल ओळखीच्या माणसाचं म्हणून धरण्याची शक्यता वाढते, आणि मला प्रत्येक वाचकाबद्दल काहीतरी कळतं ते वेगळंच. स्वतःचं डोमेन (आपल्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता) घ्या आणि पत्र खरंच तुमच्याकडूनच आलंय हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन नोंदी करून घ्या. जीमेलवर दिवसाला पाच हजारांवर पत्रं पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४पासून या तिन्ही सक्तीच्या केल्या, एका टिचकीत नाव काढायची सोयही सक्तीची केली. आपण लहान असलो तरी करून ठेवावं.

‘किती जणांनी उघडलं’ हा आकडा पाहून खूश किंवा खट्टू होऊ नका. ॲपलने २०२१मध्ये आणलेल्या व्यवस्थेमुळे वाचकाने पत्र न उघडताही ते उघडल्याची नोंद होऊ शकते. आलेली उत्तरं मोजा.

पैसे देऊन घेतलेला अंक आमच्या भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्रास फिरतो. वाईट वाटतं. काय करू?
*वास्को*

वाईट वाटणं साहजिक आहे, मेहनत तुमची आहे. पण पहारा देऊ नका. कुलपं लावलीत तर त्रास वर्गणीदारालाच होतो. अंकाच्या सुरुवातीला, शेवटी नव्हे, दोन ओळी टाका : हा अंक वर्गणीदारांच्या पैशावर निघतो, तुम्हाला कोणी पुढे पाठवला असेल तर आनंदाने वाचा, आवडला तर इथे नाव नोंदवा. त्या ग्रुपवरचे लोक भजनी सप्ताहाबद्दल, चालींबद्दल वाचतात म्हणजे ते तुमचेच वाचक आहेत, फक्त त्यांच्यापर्यंत लिंक पोचली नव्हती. मंडळाच्या बुवांशी बोला आणि मंडळासाठी एकच वर्गणी ठरवा, व्यक्तीच्या तिप्पट-चौपट. मग ते हक्काने फिरवतील.

मी मसाले-पापडांचा लहान व्यवसाय करते आणि जुन्या गोमंतकीय पाककृतींचं पत्र काढते. एका दुकानाने प्रायोजक व्हायची तयारी दाखवली आहे, पण ‘जाहिरात’ असं लिहू नका म्हणतात. आणि चतुर्थीच्या दिवसांत मला अंक काढणं जमतच नाही, वर्गणीदार रागावतील का?
*फोंडा*

दुकानाला नाही म्हणा, किंवा ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहूनच छापा. पैसे घेऊन केलेली शिफारस तशी सांगितलीच पाहिजे, ग्राहक संरक्षणाच्या २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांतही तेच आहे. त्यापलीकडे पाहा : तुम्ही ‘खोल्याची मिरची अमुक वासाची, हरमलची तमुक तिखट’ असं लिहिता, तेव्हा वाचक तुमच्या जिभेवर विसंबून बाजारात जातो. ती जीभ एकदा भाड्याने गेली असं त्याला कळलं, तर वर्गणी पुन्हा भरायचं त्याला कारण उरत नाही. तुमचे स्वतःचे मसाले मात्र तुम्ही खुशाल विका, तुमच्या नावाने, किमतीसह. त्यात लपवण्यासारखं काहीच नाही.

चतुर्थीचं म्हणाल तर अंक काढूच नका. माटोळी बांधायची, नेवऱ्या तळायच्या, घर पाहुण्यांनी भरलेलं, त्या दिवसांत तुमचा वाचकही ईमेल उघडत नाही. फक्त वर्गणी ‘वर्षभर दर आठवड्याला’ अशी न लावता ‘वर्षाला ४४ अंक’ अशी लावा. चतुर्थी, दिवाळी, मे महिन्यातली पुरुमेंताची (पावसाळ्याच्या बेगमीची) धांदल, तुमचं आजारपण, सगळं त्या आठ आठवड्यांत बसतं. मासिकं जोडअंक काढतात तेव्हा कोणी रागावत नाही, कारण ते आधीच सांगितलेलं असतं. सुट्टीचे आठवडे वर्षाच्या पहिल्याच अंकात तारखांसह छापा.

नूतनीकरणाचं पत्र मात्र चतुर्थीच्या तोंडावर पाठवू नका. घराघरांत खर्च चाललेला असतो, सहाशे रुपयांची आठवण तेव्हा नको वाटते. तुमच्यासाठी बरी वेळ म्हणजे एप्रिलचा शेवट : आमसुलं, सुकी मासळी, मिरच्या, पापड यांची बेगमी डोक्यात असते आणि तुमचे अंक उघडून पाहिले जातात. त्या पत्रात वर्षभरात काय काय दिलं त्याची चार ओळींत आठवण, पुढच्या वर्षी काय येणार ते, आणि पैसे भरायची एकच लिंक. पंधरा दिवसांनी ज्यांनी भरले नाहीत त्यांना पुन्हा एकदा, आणि त्यानंतरही न भरणाऱ्यांना दोन ओळी तुमच्या हातच्या : ‘काय कमी पडलं ते सांगाल का?’ येणारी उत्तरं एका वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षीचे विषय ठरवताना ती वही आधी उघडायची.